छतावर कोण चढणार?

चळवळीतल्या आमच्या काही तरुण मित्रांना सध्या न्यूयॉर्कच्या 'एनवायसी मेश'ने झपाटले आहे. कंपनीच्या दारात न जाता शहरातल्या लोकांनीच उभे केलेले वायरलेस जाळे. आपल्या वस्तीतही असे करू, म्हणतात. जरूर करू. पण एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल आणि तो प्रश्न यंत्रांचा नाही.

हे जाळे चालते कसे, ते थोडक्यात. मॅनहॅटनमध्ये 375, पर्ल स्ट्रीट या उंच इमारतीवर त्यांचे एक मोठे केंद्र आहे. तिथून त्यांची जोडणी थेट इंटरनेट एक्स्चेंजला, म्हणजे वेगवेगळी जाळी एकमेकांना मिळतात त्या ठिकाणी जाते. आसपासच्या छतांवर छोटे अँटेना असतात. एका अँटेनाला दुसरा सरळ दिसला पाहिजे, मध्ये इमारत किंवा झाड आले की काम अडते. म्हणून जोडणी मागणाऱ्याला आधी छतावरून चारी दिशांचे फोटो काढून पाठवावे लागतात. जोडणी मिळाली की ते छत शेजारच्या छताला पुढे सिग्नल देऊ शकते. दरमहा सक्तीचे बिल नाही, ज्याला जमेल तशी देणगी. आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा करार. या जाळ्यात येणाऱ्याने त्याच अटींवर पुढच्यालाही जोडून घ्यायचे, असे तो म्हणतो. स्वतःचे भांडे भरले की नळाला कुलूप लावायचे नाही. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न. शिडी घेऊन छतावर चढतो कोण? स्वयंसेवक. आणि स्वयंसेवा करायला मोकळा शनिवार लागतो. जो शनिवारीही पाळीवर असतो, त्याच्याकडे तो नसतो. अँटेना विकत घ्यायला हाताशी पैसा लागतो, छत वापरायला मालकाची परवानगी लागते आणि भाडेकरूच्या शब्दाला मालकापुढे किती वजन असते, ते सगळ्यांना माहीत आहे. मेशच्या कार्यकर्त्यांनी गरिबांच्या सार्वजनिक गृहसंकुलांच्या छतांवरही काम केले, ते मान्यच आहे. त्यांच्या हेतूवर आमचा आक्षेप नाही. पण निव्वळ स्वेच्छेवर उभी राहिलेली कुठलीही रचना ज्यांच्याकडे फुरसत, पैसा आणि तंत्रज्ञान आधीपासून आहे त्यांच्या हाती आपोआप जाते. अमेरिकेत हे वर्ग आणि वंश ठरवतात. आपल्याकडे काय ठरवते, ते लिहायची गरज आहे का?

याच शहराने दुसरी वाटही दाखवली आहे. ब्रुकलिनच्या टोकाला, तीन बाजूंनी पाणी असलेला रेड हूक नावाचा भाग आहे. तिथल्या सार्वजनिक घरांत हजारो लोक राहतात, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. रेड हूक इनिशिएटिव्ह या स्थानिक संस्थेने तिथे लहानसे वायरलेस जाळे सुरू केले होते. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ आले, रस्त्यांत समुद्राचे पाणी शिरले, घरांची वीज कित्येक दिवस गेली. संस्थेची इमारत मात्र वाचली. लोक तिथे येऊन फोन चार्ज करत, नातेवाइकांना खुशाली कळवत, मदतीचे अर्ज भरत. पुढे फेमा या सरकारी आपत्ती संस्थेची उपग्रह जोडणी त्याच जाळ्याला मिळाली.

वादळाची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला त्यानंतरची जास्त महत्त्वाची वाटते. संस्थेने वस्तीतल्याच विशीतल्या मुलामुलींना 'डिजिटल स्टुअर्ड' म्हणून तयार केले. ही कल्पना डेट्रॉइटमधून आली होती. केबल ओढणे, राउटर बसवणे, बिघाड शोधणे आणि शेजाऱ्यांना समजावणे हे सगळे त्यांनी शिकायचे. आणि त्याबद्दल त्यांना मानधन मिळायचे! फुकट राबा, समाजासाठी करा, असे त्यांना कोणी सांगितले नाही. आपल्या मुलांना हे वाक्य किती वेळा ऐकावे लागते, ते प्रत्येकाने आठवावे.

कोणी म्हणेल, जिओनंतर डेटा इतका स्वस्त झाला, आता हा खटाटोप कशाला? टाळेबंदीत एका फोनवर तीन भावंडांची शाळा चालली, तेव्हाही डेटा स्वस्तच होता. दुसरे असे की 'ॲक्सेस नाऊ'च्या नोंदीप्रमाणे 2018 ते 2023 अशी सलग सहा वर्षे इंटरनेट बंदीत भारत जगात पहिला होता. इथे एक भाबडी समजूत दूर केली पाहिजे. वस्तीचे जाळे हा बंदीवर उतारा नव्हे. आदेश आला की बाहेरची जोडणी जाईल. वस्तीच्या आतले जाळे वेगळे असते. विहारातल्या संगणकावर अभ्यासाची पुस्तके, व्याख्याने, शिष्यवृत्तीचे अर्ज ठेवले असतील, तर ते बाहेरच्या जोडणीशिवायही घराघरांत उघडतात.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे स्वतःचा छापखाना उभा राहिला. छापखान्यात यंत्राइतकेच खिळे जुळवणारे हात लागतात, आणि ते शिकवून तयार करावे लागतात.

कायद्याची अडचण लोक सांगतात तेवढी मोठी नाही. वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून आणि 5 गिगाहर्ट्झचा बराच भाग 2018 पासून परवानामुक्त आहे. इंटरनेट विकायला परवाना लागतो, पण 2020 च्या पीएम-वाणी योजनेत छोट्या केंद्राला त्याची गरज नाही. छतही आहे, विहाराचे. त्यासाठी मालकाच्या पाया पडायला नको. पत्र्याच्या घरांच्या दाटीत सरळ रेषा मिळणे कठीण, म्हणून खांब उंच घ्यावा लागेल आणि मुंबईच्या पावसात वीजरोधक नीट बसवावा लागेल. मुलींना आम्ही यात पहिल्यापासून धरतो, कारण घरात शिरून राउटर दुरुस्त करायचा तर दार बहुतेक वेळा बाईच उघडते.

उरतो मानधनाचा खर्च. दोन जणांचे वर्षभराचे मानधन. जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतील तेव्हा डीजेच्या रकमेसमोर ही रक्कम मांडायची, असे आम्ही ठरवले आहे. भांडण होईल, याची कल्पना आहे.