आधी नर्सबाईंना विचारा

मेळघाटातल्या रुग्णालयासाठी मदत गोळा करायची म्हटलं की शहरातल्या कपाटांतून काय निघतं? मुदत संपत आलेल्या गोळ्या, अर्धी उरलेली खोकल्याची बाटली, विटक्या साड्या. मग फळवाटप. ओल्या बाळंतिणीच्या हातात केळं देऊन फोटो! त्या कोरकू बाईला विचारलं होतं का कुणी?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच सांगून ठेवलं आहे: घेणाऱ्याची गरज आधी विचारा, आणि औषध पोचेल तेव्हा त्याची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या. नाहीतर आपला कचरा नष्ट करायचं कामही त्या रुग्णालयाच्याच गळ्यात.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर बाई काही तासांत दगावते. तो थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. म्हणजे चालू फ्रीज हवा, वीज गेली तर चालणारी सोय हवी, वेळेला रक्त हवं. ही यादी नर्सबाईंना तोंडपाठ असते. पण पाहुणे साहेबांच्या खोलीत चहा पिऊन परततात.

शिवाय यातलं काहीच दान नव्हे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, रक्त, ने-आण मोफत मिळणं हा बाईचा हक्क आहे. तेव्हा मैत्रिणींनो, हातमोजे जरूर पाठवा. पण त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र टाका, की हे तुमच्या साठ्यात का नव्हतं? आणि पत्राची पोच घ्यायला विसरू नका.