रांजणाचे गाव कोणते?

पितळेच्या भांड्याला मोड असते, मातीच्या भांड्याला नसते. चेपलेली घागर किंवा फुटका हंडा धातूच्या वजनावर विकता येतो, फुटलेल्या माठाचे मात्र खापर होते आणि ते उकिरड्यावर जाते. शिवाय धातूचे भांडे राखेने किंवा चिंचेने घासले की शुद्ध मानले जाई, तर सुतकानंतर आणि ग्रहणानंतर घरातली मातीची भांडी टाकून नवी आणण्याची रीत होती. त्यामुळे ही भांडी पिढ्यानपिढ्या टिकावीत अशी अपेक्षाच कधी कुणी केली नाही. दिनकर केळकर यांनी पुण्यात उभारलेल्या संग्रहालयाने अडकित्ते, दिवे, कुलपे यांसारख्या रोजच्या वस्तूही कलावस्तू म्हणून पाहायला मराठी माणसाला शिकवले. परंतु मातीच्या साठवणभांड्यांकडे संग्राहकांचे लक्ष त्या मानाने उशिरा वळले. आता ते वळले आहे आणि जुने रांजण शेतघरांच्या अंगणात व उपाहारगृहांच्या दारात दिसू लागले आहेत, तेव्हा हा संग्रह कोणत्या रीतीने व्हावा याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

बोळके, गाडगे, मडके, घागर, माठ, डेरा अशी चढत जाणारी जी मातीच्या भांड्यांची परंपरा आहे, तिच्यात रांजण हा सर्वांत मोठा. पोट फुगीर, बूड निमुळते, तोंड तांब्या धरलेला हात सहज आत जाईल एवढे. आणि असे भांडे नुसत्या जमिनीवर तोल सांभाळू शकत नसल्यामुळे ते मातीच्या ओट्यात बसवलेले किंवा जमिनीत अर्धवट पुरलेले असे. त्यात मुख्यतः पाणी आणि कोठे कोठे धान्य साठवत. धान्यासाठी याखेरीज कणगी, म्हणजे बांबू किंवा काटक्यांचे विणलेले व शेणामातीने लिंपलेले उभे भांडार, आणि पेव, म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार, या सोयी होत्याच. रांजणाचे रूप लोकांच्या मनात किती पक्के बसले होते, हे निघोजला कुकडीच्या पात्रात दिसते: पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी तेथील कठीण खडकात जी खोल कुंडे कोरली, त्यांना लोकांनी रांजणखळगे हेच नाव दिले. पैठणला एकनाथांच्या वाड्यातील रांजण श्रीखंड्याच्या रूपाने देव कावडीने भरत असे, अशी श्रद्धा आहे आणि नाथषष्ठीच्या सुमारास भाविक आजही तो रांजण भरतात.

एवढे मोठे भांडे एका दमात चाकावर उतरत नाही. ओल्या मातीची उंच भिंत स्वतःच्याच भाराने खचते, म्हणून कुंभार ते टप्प्याटप्प्याने वाढवतो. आतून दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोळा धरतो, बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोके देतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये सापडलेली माती पातळ, घट्ट व गोलाकार होत जाते. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे ठरवले, त्या कथेतले थापटणे ते हेच. जुन्या रांजणात हात घालून आतल्या भिंतीवरून बोटे फिरवली, तर गोळ्याने पडलेल्या उथळ खळग्या एकापाठोपाठ एक लागतात आणि घडवणाऱ्याच्या हाताची लय समजते. बाहेर खांद्याजवळ पुष्कळदा मातीचा एक पट्टा चिकटवलेला असतो व त्यावर बोटाने दाबलेल्या खुणांची ओळ असते. ही नक्षी आहे, पण दोन भाग जिथे जोडले तिथला सांधा बळकट करण्याचे कामही हा पट्टा करतो. घोड नदीकाठच्या इनामगावला, जिथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती डेक्कन कॉलेजने उत्खनित केली, तिथे हाताने घडवलेल्या जाड साठवणीच्या रांजणांवर याच जातीचे पट्टे आढळतात. त्याच वस्तीत मृत बालकांना तोंडाला तोंड जोडलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत असत, यावरून धान्य राखणाऱ्या भांड्याविषयीची त्या माणसांची भावना ध्यानात यावी.

अशा वस्तूला लोककला म्हणताना तिचा कारागीर अनाम असतो, हा एक जुना समज आड येतो. जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांनी रोजच्या वापरातील हस्तकौशल्याच्या वस्तूंसाठी ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, हा शब्द १९२५ च्या सुमारास रूढ केला, १९३६ मध्ये टोकियोत त्यासाठी संग्रहालय उघडले आणि अनाम कारागिराची थोरवी सांगितली. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही महाराष्ट्रातला कुंभार त्याच्या गावात अनाम कधीच नव्हता. बलुतेदार म्हणून तो वर्षाकाठी धान्याच्या रूपाने आपला वाटा घेत असे आणि रांजण कुणाच्या हातचा हे सगळ्या आळीला ठाऊक असे, त्यामुळे भांड्यावर नाव कोरण्याची गरजच नव्हती. तो अनाम झाला तो रांजण गावाबाहेर पडला त्या दिवशी, कारण नेणाऱ्याने विचारले नाही. गाव, घर, घरात रांजण कुठे बसवलेला होता, त्यात काय साठवत, स्थानिक नाव काय आणि कोणत्या कुंभारघराण्यातून आला, या पाच-सहा गोष्टी लिहून न ठेवलेला रांजण हा केवळ शोभेचा घडा होय. तेरच्या मातीतून मिळालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरमध्येच गोळा केल्या, म्हणून तेरच्या, म्हणजेच प्राचीन तगर नगराच्या, अभ्यासात त्यांचा उपयोग झाला. त्याच वस्तू गावाचे नाव गमावून बाजारात विखुरल्या असत्या, तर त्या मुक्या झाल्या असत्या.

वयाच्या बाबतीत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. रांजणाचा आकार शतकानुशतके फारसा बदललेला नाही, त्यामुळे केवळ रूपावरून दीडशे वर्षे जुना असे सांगणे धाडसाचे आहे. वापराच्या खुणा अधिक प्रामाणिक असतात: ज्या बाजूने तांब्या बुडवला जाई त्या बाजूचा काठ झिजलेला असतो, आणि बाहेरच्या अंगाला पाणी पाझरून क्षारांचा पांढरा थर साचलेला असतो. हा थर आम्लाने घासून काढणे, रांजणाला व्हार्निश देणे किंवा त्यावर वारली चित्रे रंगवणे म्हणजे त्याची कहाणी पुसणे होय.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते व खासगी व्यक्तीला पुरावशेष परदेशी पाठवता येत नाही. आणि जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पांढरीच्या टेकाडावरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीच्या उंचवट्यावरून, उकरून आणलेले भांडे संग्रहात घेऊच नये.

संग्राहकांना एक विनंती आहे. ज्या गावातून जुना रांजण घ्यावा, त्या गावात किंवा शेजारच्या गावात तो घडवू शकणारा हात अजून आहे का, याची चौकशी करावी आणि असल्यास त्याच्याकडे एक नवा रांजण रास्त मोल देऊन सांगून ठेवावा. पावसात उघडा आवा, म्हणजे भांडी भाजण्याची भट्टी, पेटत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर सांगावे.