रंग हिरवा, पण रेषा आडवी

अंगणवाडीत महिन्यातून एकदा बाळाचे वजन होते, आकडा नोंदला जातो आणि वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका पडतो. ठिपका हिरव्या पट्ट्यात असला की आई निश्चिंत मनाने घरी जाते. पिवळ्या पट्ट्यात उतरला की धावपळ सुरू होते. पण ठिपका फक्त बाळ आज कुठे आहे ते सांगतो. ते कुठल्या दिशेने चालले आहे, हे सांगते ती ठिपक्यांना जोडणारी रेषा. तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

समजा, एका मुलीचे वजन सहा महिन्यांची असताना ७.३ किलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार हे अगदी मधले वजन. त्यानंतर ते वाढलेच नाही, तर काय होईल? नवव्या महिन्यात कमी वजनाची सीमा ६.५ किलो आहे, म्हणजे मुलगी हिरव्यात. वर्षाची झाली तेव्हा सीमा ७ किलो, तरीही हिरव्यात. ती पिवळ्या पट्ट्यात उतरेल चौदा महिन्यांची झाल्यावर. आठ महिने वाढ थांबलेली आणि रंग सांगतो, सारे ठीक आहे!

दुसरी मुलगी सहाव्या महिन्यात ५.५ किलोची, म्हणजे पिवळ्या पट्ट्यात. नवव्या महिन्यात ती ६.४ किलोची झाली, अजूनही पिवळ्यातच. पण तिने महिन्याला सरासरी ३०० ग्रॅम वजन घेतले. या वयात मधल्या रेषेवरचे मूलही तेवढेच घेते. तिच्याकडे लक्ष हवेच, पण तिची गाडी चालू आहे. पहिलीची थांबली आहे.

हा फरक दाखवणाऱ्या गोष्टीला गणितात रेषेचा चढ म्हणतात. वजनातला फरक भागिले मधला काळ, एवढेच त्याचे सूत्र. अडचण अशी, की वाढीची रेषा सरळ नसते. मधल्या रेषेवरची मुलगी जन्मतः ३.२ किलोची असते आणि वर्षाला ८.९ किलोची होते. सरासरी काढली तर महिन्याला ४७५ ग्रॅम. पण पहिल्याच महिन्यात ती साधारण एक किलो वाढते आणि बाराव्या महिन्यात जेमतेम दोनशे ग्रॅम. वर्षाची सरासरी यांपैकी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही.

त्यावर उपाय म्हणजे छोटा तुकडा पाहणे. वर्षभराची रेषा धनुष्यासारखी वाकलेली दिसते. पण नवव्या ते दहाव्या महिन्याचा तुकडा जवळून पाहिला तर त्यावर पट्टी ठेवता येईल इतका तो सरळ असतो. त्या पट्टीचा चढ म्हणजे त्या वेळचा वाढीचा वेग. तुकडा आणखी लहान करत गेले की चढ ज्या एका किमतीपाशी स्थिरावतो, तिला विकलज म्हणतात. बारावीत अनेकांना घाबरवणाऱ्या कलनशास्त्राचा हा पाया सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी रचला. त्याआधी भास्कराचार्यांनीही ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या सरासरी गतीहून त्याची तात्कालिक गती वेगळी मानली होती.

मग बाळाला रोज काट्यावर ठेवावे का? नाही. गणितात तुकडा हवा तितका लहान करता येतो, काट्यावर येत नाही. नऊ महिन्यांचे बाळ दिवसाला सुमारे दहा ग्रॅम वाढते. एका वेळच्या दुधाने, ओल्या दुपट्याने किंवा लघवीने त्याच्या दहापट फरक पडतो. रोजचे आकडे आईची झोप उडवतील, वाढ दाखवणार नाहीत. म्हणूनच महिन्याचे अंतर शहाणपणाचे आहे: रेषा जवळपास सरळ राहील इतके लहान आणि काट्याची चूक झाकली जाईल इतके मोठे. एकच ठिपका खाली आला तर आधी काटा शून्यावर आहे का ते पाहावे, कपडे उतरवून पुन्हा वजन करावे.

आणखी एक पथ्य. वयानुसार चढ कमी होणे स्वाभाविक आहे. आठव्या महिन्यात पहिल्या महिन्यासारखी वाढ मागणे चुकीचे. तुलना करायची ती तक्त्यावर छापलेल्या रेषेच्या त्याच वयातल्या चढाशी. बाळाची रेषा तिला समांतर असेल तर उत्तम. पहिल्या वर्षात ती लागोपाठ दोन महिने आडवी राहिली, किंवा खाली वळली, तर रंग कोणताही असो, विचारपूस व्हायलाच हवी.

विचारायचे प्रश्नही साधे आहेत. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले का? की डाळीचे नुसते पाणीच दिले जाते? घट्ट वरणभात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, दिवसातून किती वेळा? अंगावरचे दूध चालू आहे ना? मध्ये जुलाब, ताप, खोकला झाला होता का? घरात कुणाला क्षयरोग आहे का? आई कामावर गेल्यावर बाळाला भरवते कोण? यातली बरीच कारणे वेळीच कळली तर गावातच दूर होतात. उशीर झाला की तेच मूल जंतुसंसर्गाने खंगून रुग्णालयात येते आणि तोवर हरवलेले महिने भरून काढणे अवघड झालेले असते.

वजनाची नोंद होते, अहवालही जातात. पण अहवालात मोजणी होते ती मुख्यतः कोणत्या श्रेणीत किती मुले याची. त्यात एक रकाना वाढवावा: दोन महिने वजन न वाढलेली मुले किती? त्यासाठी नवा काटा लागणार नाही, नवा कर्मचारीही नाही. ठिपके आधीच कागदावर आहेत. ते जोडायचे आणि रेषा कुठे वळते ते पाहायचे. आईनेही वजनानंतर ‘कोणत्या रंगात आहे?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ताई, मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं?’ हेही विचारावे.