बॅटरी स्वस्त झाली, पण जुईनगरमध्ये ती उभ्या-उभ्या का मरते?

दिवाळीनंतरची गोष्ट. सोमवारी सकाळी बाबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी वाशीला न्यायचं होतं. सेल्फ मारला, तर बॉनेटखालून फक्त ‘टक’. पुन्हा मारला, तर ‘टक-टक-टक’ आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत गेले. शेवटी आम्ही रिक्षाने गेलो. दुपारी बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड बघितली आणि निकाल दिला, “बॅटरी गेली साहेब. आता जीएसटी पण कमी झालाय, नवीनच टाकून घ्या.”

जीएसटीचं त्याचं बोलणं खरं होतं. बॅटरी मात्र गेली नव्हती.

संध्याकाळी मल्टिमीटर लावला. बॅटरीचा व्होल्टेज १२.४, म्हणजे ठीकठाक. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर ठेवलं, दुसरं त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पवर, आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. हे दोन धातू एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे फरक जवळजवळ शून्य यायला हवा. तो चार व्होल्टच्या वर आला. बॅटरीत ताकद होती, पण वाट अडली होती. वाटीभर खाण्याचा सोडा आणि अर्ध्या तासाची मेहनत, एवढ्यावर गाडी सुरू झाली. ती बॅटरी त्यानंतरही काही महिने चालली.

बॅटरी बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी खरंच गेली आहे का? गेली असेल तर का गेली? आणि नवीन घेताना नक्की काय बघायचं?

आधी किमतीचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्याआधी लिथियम-आयन बॅटरीवर १८ टक्के आणि गाडीत असते त्या लेड-ॲसिड बॅटरीवर २८ टक्के कर होता. आता दोन्हींवर १८ टक्के आहे. कर सोडून ५,००० रुपयांची बॅटरी आधी ६,४०० ला पडायची, ती आता ५,९०० ला पडायला हवी. म्हणजे साधारण पावणेआठ टक्क्यांची बचत. कर दहा टक्क्यांनी कमी झाला म्हणून किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही, कारण कर मूळ किमतीवर लागतो.

पाचशे रुपये वाचले तर वाईट नाही. पण पाच वर्षं चालू शकणारी बॅटरी तीन वर्षांत टाकावी लागली, तर ती बचत कुठल्या कुठे जाते.

जुईनगरची गाडी चालते कमी, उभी राहते जास्त

जुईनगर स्टेशनवरून हार्बर मार्गाने सीएसएमटीला जाता येतं आणि ट्रान्स-हार्बरने ठाण्याला. त्यामुळे इथे गाडी असलेले बरेच लोक ऑफिसला ट्रेननेच जातात. गाडी सोमवार ते शुक्रवार सोसायटीत किंवा सेक्टरच्या रस्त्याकडेला उभी. रविवारी सानपाडा किंवा वाशीपर्यंत एक फेरी. गणपतीत घर कोकणात, गाडी इथेच. पावसाळ्यात तर आठवडे जातात.

आपल्याला वाटतं, गाडी कमी वापरली की बॅटरी जास्त टिकते. हिशोब उलटा आहे.

छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण १५० ॲम्पिअर ओढतो, पण फक्त दोन सेकंद. म्हणजे एका स्टार्टला खर्च होतात जेमतेम ०.०८ ॲम्पिअर-तास. उलट गाडी बंद असतानाही सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयूची मेमरी असं बरंच काही जागं असतं. त्याला ३० ते ५० मिलिॲम्पिअर लागणं सामान्य आहे. ४० धरले तर दिवसाला जवळपास १ ॲम्पिअर-तास. म्हणजे एक दिवस नुसती उभी राहिलेली गाडी बारा वेळा सुरू करण्याइतकी बॅटरी खाते. ३५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी अडीच आठवड्यांत अर्ध्यावर येते. वर डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल, तर आणखी लवकर. (फास्टॅगवर संशय घेऊ नका. त्याला गाडीची वीज लागतच नाही.)

अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर तयार झालेलं लेड सल्फेट हळूहळू कडक स्फटिकांत बदलतं. ते नंतर चार्ज करूनही पूर्ण विरघळत नाही आणि तेवढी क्षमता कायमची जाते. त्यात आपल्याकडची उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतल्या रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो, म्हणजे आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. थंड देशांत बॅटरी हिवाळ्यात दगा देते. आपल्याकडे उन्हाळा तिला पोखरतो आणि पावसाळ्यात एक दिवस ‘टक’ होतं.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. बिल्डिंगखाली दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून फार काही होत नाही. आयडलिंगवर अल्टरनेटर कमी करंट देतो आणि त्यातला बराचसा एसी-पंख्यातच जातो. दोन-तीन आठवडे गावी जाणार असाल, तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओच्या सेटिंग जातील, बॅटरी वाचेल. पण काढण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघा आणि दार चावीने उघडतं ना, हे तपासा.

ईव्हीवाल्यांनीही हे वाचावं. बहुतेक ईव्हीत मोठ्या बॅटरीसोबत एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

टर्मिनलवरचा ‘कार्बन’ कार्बन नसतोच

गॅरेजमध्ये त्या पुडीला सर्रास ‘कार्बन’ म्हणतात. कार्बनचा तिच्याशी संबंध नाही. चार्ज होताना बॅटरीतून थोडा वायू आणि त्याबरोबर सल्फ्युरिक ॲसिडचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. खुंटीच्या बुडाशी बारीक फट असेल, तर ॲसिड तिथूनही झिरपतं. शिसं आणि ॲसिड मिळून पांढरं लेड सल्फेट होतं. केबलमधलं तांबं आणि ॲसिड मिळून निळसर-हिरवं कॉपर सल्फेट, म्हणजेच मोरचूद. खाडीकाठची दमट, खारी हवा हे सुरू करत नाही, पण सुरू झालेलं काम जोरात पुढे नेते.

ही पूड वीज नीट वाहू देत नाही. सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला, तरी १५० ॲम्पिअरला दीड व्होल्ट तिथेच गळतो. बारातले दीड गेले की स्टार्टर रडायला लागतो. शिवाय अल्टरनेटरचा चार्जही त्याच सांध्यातून बॅटरीत जातो, म्हणून बॅटरी कायम अर्धपोटी राहते. गंजलेलं टर्मिनल चांगल्या बॅटरीलाही मारतं, ते असं.

साफ करण्याची पद्धत:

१. इंजिन बंद, चावी बाहेर. हातमोजे आणि चष्मा घाला. जवळ काडीपेटी, लायटर, सिगारेट नको, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

२. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लावलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो.

३. चमचाभर खाण्याचा सोडा कपभर कोमट पाण्यात मिसळा, खुंटी आणि क्लॅम्पवर ओता. फेस येईल, म्हणजे ॲसिड मरतंय. फेस थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने घासा. बॅटरीला पाणी भरायची झाकणं असतील तर सोडा आत जाऊ देऊ नका.

४. साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने चमकवा.

५. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. हाताने हलणार नाही इतपत आवळा. हातोडीने ठोकू नका, खुंटी सैल होते आणि ॲसिड झिरपायला वाट मिळते.

६. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

दर तीन महिन्यांनी बॉनेट उघडून नजर टाकली तरी पुरे. पूड पुन्हा-पुन्हा येत असेल, तर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ हवं. १५ च्या आसपास जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. तेव्हा नवीन बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही तशीच जाईल.

बॅटरी खरंच गेली का?

गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू करण्याआधी मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी मेलेलीच असते असं नाही. आधी पूर्ण चार्ज करून घ्या, मग दुकानात लोड टेस्ट करायला सांगा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर मात्र तिला निरोप द्या. वरचा हिरवा डोळा पाहून ठरवू नका. तो सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो.

नवीन घेताना

साईज आणि प्रकार. जुन्या बॅटरीवरचा कोड वाचा. ‘३८बी२०एल’ मध्ये ३८ हा ॲम्पिअर-तासांचा आकडा नव्हे, कामगिरीचा दर्जा आहे. ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये साधारण लांबी, ‘एल’ म्हणजे टर्मिनलची बाजू. बाजू चुकली तर केबल पोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल, तर कंपनीने दिली असेल ती ईएफबी किंवा एजीएमच घ्या. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी लवकर बसते.

तारीख. वॉरंटी विक्रीच्या दिवसापासून मोजतात, पण बॅटरी म्हातारी व्हायला लागते कारखान्यातून निघाल्यापासून. एक्साईडचा कारखाना आपल्या शेजारी तळोज्यात आहे, म्हणून जुईनगरच्या दुकानातली बॅटरी ताजीच असेल असं नाही. प्रत्येक कंपनीचा तारखेचा कोड वेगळा असतो. दुकानदाराला तो उलगडून दाखवायला सांगा. तीन महिन्यांपेक्षा जुनी नको. बसवण्याआधी व्होल्टेज १२.५ च्या खाली असेल, तर दुसरी मागा.

सीसीए. जाहिरातीतला मोठा सीसीए आकडा उणे १८ अंशांवर मोजलेला असतो. नवी मुंबईत त्याच्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. कंपनीने सांगितलेला आकडा पुरे.

वॉरंटीची फोड. ‘४८ महिने’ ऐकून खूश होऊ नका. त्यात फुकट बदलून मिळणारे किती आणि ‘प्रो-राटा’ किती, ते विचारा. प्रो-राटात नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते, तीही एमआरपीवर. एमआरपीपेक्षा कमी भाव दुकानदार तसाही देत असतो, म्हणून हातात फार काही येत नाही. उदाहरण म्हणून: ४,५०० ची बॅटरी १८ अधिक ३० महिने, ५,४०० ची ३० अधिक १८ महिने. दोन्हींवर ४८ च लिहिलंय. फुकट महिन्यांनी भागलं तर पहिली महिन्याला २५० रुपयांना पडते, दुसरी १८० ला.

जुनी बॅटरी. बॅटरीच्या वजनात साधारण ६० टक्के शिसं असतं, म्हणून भंगारवालाही तिला चांगला भाव देतो. पण ती उघड्यावर फोडून शिसं वितळवलं जातं, तेव्हा धूळ आणि धूर आसपासच्या वस्तीत पसरतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं. बॅटरीचं असं बेकायदा रिसायकलिंग हे जगभरात त्याचं एक मोठं कारण आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बॅटरी कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देण्याची आपल्यावर. तेव्हा अधिकृत डीलरकडेच एक्स्चेंज करा आणि बिलावर जुन्या बॅटरीची किंमत वेगळी लिहून घ्या. शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील.

मी शेवटी नवीन बॅटरी घेतली, तेव्हा तिच्यावर मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आणि फोनमध्ये दर तीन महिन्यांचा रिमाइंडर लावला. रविवारी सकाळी आता बाबांना घेऊन पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत जाऊन येतो. बॅटरी भरते, आणि त्यांचं फिरणंही होतं.