नागपूरची थंडी आणि मुंबईचे जावईबापू



थंडी पडली की आमच्या घरी एक गोष्ट दरवर्षी निघते. ती निघाली की तिकडे मुंबईत आमच्या जावईबापूंना उचकी लागत असावी. आम्ही नागपूरचे, इंदोऱ्यात राहणारे. धाकटी बहीण दिली मुंबईला, नायगावच्या चाळीत. जावईबापू मूळचे रत्नागिरीकडचे, पण जन्म आणि वाढ सगळी मुंबईची. थंडी त्यांना ऐकून माहीत होती, प्रत्यक्ष ओळख नव्हती.

२०१८ सालच्या डिसेंबरात ही ओळख झाली. २७ तारखेला सकाळी जावईबापू स्टेशनावर उतरले ते अर्ध्या बाहीच्या शर्टावर. आम्ही फोनवर बजावले होते, "स्वेटर आणा." त्यावर ते म्हणाले होते, "अहो, आमच्याकडेही थंडी आहे, पंखा दोनवर ठेवतो आम्ही." रिक्षातून घरी येईपर्यंत त्यांचे दात असे वाजू लागले की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिले. आई दारातच उभी होती. म्हणाली, "अजून थंडी कोठी पडली जावईबापू! हे तं नुसतं गार वारं हाय."

दुसऱ्या दिवशी आंघोळीचा प्रसंग. आईने चुलीवर गंजभर पाणी कढत करून न्हाणीत ठेवले. जावईबापू आत गेले. पाण्याचा आवाज आला, तांब्याचा आला, एक-दोनदा "हुऽऽ हुऽऽ" असाही आला. दहा मिनिटांनी टॉवेल गुंडाळून बाहेर आले. आमच्या घरचे बारके पोर अंगणात दात घासत होते, ते मोठ्याने म्हणाले, "काका, तुमचे केस तर कोरडेच आहेत!" पुढे तपास केला तेव्हा कळले, चार तांबे पाणी फरशीला घातले होते आणि दोन पायांना. आमच्या बहिणीने त्या दिवशी नवऱ्याची बाजू घेतली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग खोबरेल तेल. बाटलीतले तेल मेणासारखे थिजलेले. जावईबापूंनी बाटली उलटी केली, झटकली, बुडावर थापट्या मारल्या. तेलाचा थेंब नाही. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली उतरले की घट्ट होऊ लागते. म्हणून आमच्याकडे हिवाळाभर बाटली चुलीच्या कडेला नाही तर उन्हात बसलेली असते. घरातल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी तिचीही जागा ठरलेली.

आता हसायचे ते हसून घेतले, पण जावईबापूंचा यात काही दोष नाही. समुद्राचे पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही, म्हणून काठावरच्या गावाला ते रात्रीही ऊब देत राहते. आमचे नागपूर देशाच्या मधोमध. आभाळ निरभ्र असले की दिवसाची धग रात्री सगळी वर निघून जाते, त्यात उत्तरेकडून हिमालयाच्या बाजूचे वारे आले की मग विचारू नका. मुंबईत आजवरची सगळ्यात कमी नोंद ७.४ अंशांची, तीसुद्धा २२ जानेवारी १९६२ ची. हवामान खातेही हे जाणते. किनाऱ्यावरच्या गावात पारा १५ अंशांवर आला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असला, तर तिथे थंडीची लाट धरतात. आमच्याकडे १५ अंश म्हणजे पोरे पतंग उडवायला गच्चीवर जातात.

त्या रात्री, म्हणजे २८ च्या रात्री, थंडी खरोखरच वेगळी होती. जावईबापूंना दोन गोधड्या दिल्या तरी भागेना. त्यांनी बहिणीला सांगितले आणि बहिणीने कोळशाची शेगडी आतल्या खोलीत नेली. दार लावले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आम्हाला कोणालाच पत्ता नाही. रात्री दोनच्या सुमाराला आई उठली. तिला दाराच्या फटीतून विस्तवाचा उजेड दिसला. तिने दार ढकलले, आतून कडी होती. हाका मारल्या, उत्तर नाही. आम्ही धावलो, खांद्याने दार उघडले. दोघेही झोपलेले, हलवले तरी डोळे उघडेनात. ओढतच त्यांना अंगणात आणले. गार वारे लागल्यावर बहिणीला ओकारी झाली. जावईबापू डोके धरून बसले आणि आम्हालाच विचारू लागले की काय झाले. तशाच रात्री रिक्षा करून दोघांना दवाखान्यात नेले. सकाळी घरी आणले.

कोळसा कोंडलेल्या खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धुरासारखा तो डोळ्यांना झोंबत नाही. डोके जड होते आणि झोप येते. थंडीत झोप येणारच, असे वाटून माणूस झोपतो. ही गोष्ट हसण्यासारखी नाही आणि आम्ही ती कधी हसून सांगत नाही. आमच्या आईला या वायूचे नावही माहीत नव्हते. तिला एवढेच माहीत होते की विस्तव अंगणात, माणसे घरात. शेगडीवर अंग शेकायचे तर दारे उघडी ठेवून, आणि झोपायच्या आधी ती बाहेर. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि बाळंतिणींच्या खोल्यांत जरा डोकावून पाहा.

पुढच्या सकाळी पेपरात आले, २९ ला पहाटे नागपूरला ३.५ अंश. नोंदीत तोवर इतके कमी कधीच नव्हते.

मग संध्याकाळी अंगणात शेकोटी केली आणि सगळे भोवती बसलो. तुरीच्या शेंगा भाजायला टाकल्या. जावईबापू दादांना म्हणाले, "मामा, तुम्ही असल्या थंडीत ड्युटी कशी केली हो?" आमचे दादा रेल्वेत गँगमन होते, वर्धा लाइनीवर. थंडीच्या रात्री रुळांवरून पायी गस्त घालायची, हे त्यांचे काम. गाडीत पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसाला हे काम माहीत नसते. लोखंड गारठले की आखडते. किलोमीटरभर लांबीचा मोकळा रूळ दहा अंशांनी निवला तर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर आखूड होईल. पण जोडून घट्ट बसवलेल्या रुळाला आखडायला जागा नसते, मग ताण पडतो आणि एखादा सांधा तडकतो. तो तडा पहाटेच्या गाडीच्या आधी सापडायला हवा. म्हणून हातात बत्ती, पिशवीत फटाके, आणि नजर रुळावर. तडा दिसला की रुळावर फटाके लावायचे, लाल बत्ती दाखवायची, गाडी थांबवायची.

दादा सांगत होते, "आपण थंडीत पाय पोटाशी घेतो, रूळही तेच करते. त्याले कोण गोधडी देते?" पलीकडच्या हद्दीचा गस्तवाला अंधारात भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "नाक जाग्यावर हाय का?" दुसऱ्याने चाचपून सांगायचे, "सकाळी उजेडात पाहतो." एवढ्यावर दोघे हसायचे आणि आपापल्या वाटेने परत चालू लागायचे. चाळीस वर्षांपूर्वीचा तो विनोद सांगताना दादा आजही पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसतात.

दुसऱ्या दिवशी स्वेटर घ्यायला बाजारात गेलो. थंडीत तिबेटी माणसे स्वेटरांची दुकाने मांडतात, माल बहुतेक लुधियानाचा. जावईबापूंनी विचारले, "तुम्ही बर्फातली माणसं, तुम्हाला ही थंडी काहीच वाटत नसेल?" तो तरुण अंगावर दोन स्वेटर आणि वर जाकीट घालून बसला होता. स्वच्छ मराठीत म्हणाला, "साहेब, माझा जन्म गोठणगावचा. तिबेट मी पाहिलेलाही नाही. मला तर तुमच्याहून जास्त वाजते." गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. जावईबापूंनी त्याच्याकडून स्वेटर घेतलाच, कानटोपीही घेतली, आणि घासाघीस केली नाही. बहिणीला ते जरा लागले.

निघताना आईने त्यांना एक गोधडी बांधून दिली. जुन्या लुगड्यांचे थर, आणि मध्ये दादांच्या ड्युटीच्या कोटाचे एक ठिगळ. मुंबईत एवढ्या जाड गोधडीचे काय करणार, असे आम्हाला वाटले, पण आईपुढे बोललो नाही.

जानेवारीत एका रात्री फोन आला. जावईबापू म्हणाले, "आई, सोळा अंश झाले हो इथं! गोधडी काढली." आईने फोन कानाला तसाच धरून आमच्याकडे पाहिले, आणि मग अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "काळजी घ्या बाप्पा. आणि पंखा बंद करा."