चहा सांगा, मशेरीही सांगा

हृदयाच्या स्ट्रेस टेस्टला येणाऱ्या माणसाला पुष्कळदा ‘उपाशीपोटी या’ एवढेच सांगितले जाते, आणि तो कपभर चहा घेऊन येतो. त्यात त्याची चूक नाही. आपल्याकडे एकादशीलाही चहा चालतो. चहाने उपास मोडत नाही, तर तपासणी बिघडते हे त्याने कशावरून ओळखावे? ते सांगणे तपासणी करणाऱ्यांचे काम आहे, आणि ते नीट होत नाही.

ट्रेडमिलवरच्या तपासणीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात. २२० मधून वय वजा करायचे आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत तरी नाडी न्यायची, असा साधारण हिशेब. पण गुडघे गेलेली आजी किंवा अर्धांगवायू झालेला माणूस पट्ट्यावर चालणार कसा? त्यांना ॲडिनोसिन, डायपिरिडॅमोल किंवा रेगाडेनोसॉन यांपैकी एखादे औषध शिरेतून देतात. त्याने हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्या चांगल्या रुंदावतात, अडथळा असलेल्या वाहिनीला तेवढे रुंदावता येत नाही. किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून कॅमेऱ्याखाली पाहिले की रक्त कुठे कमी पोचते ते दिसते. सगळी तपासणी या फरकावर उभी आहे.

चहा-कॉफीतले कॅफिन नेमका हा फरक पुसते. ॲडिनोसिनला पेशींवर ज्या जागी बसून काम करायचे असते, ती जागा कॅफिनने आधीच अडवलेली असते. डायपिरिडॅमोलचा त्रास होऊ लागला तर डॉक्टर उतारा म्हणून ॲमिनोफायलिन देतात. कॅफिन त्याच कुळातले. म्हणजे सकाळी चहा पिऊन आलेला रुग्ण औषधाआधीच त्याचा उतारा घेऊन आलेला असतो. मग रोग असूनही चित्र स्वच्छ येऊ शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे ऐकून तो घरी जातो, छातीतल्या दुखण्याला पित्त म्हणतो आणि पुन्हा शेतावर किंवा कामावर रुजू होतो. मला सर्वांत जास्त भीती या खोट्या दिलाशाची वाटते.

एका कपातले कॅफिन अर्धे उतरायलाच साधारण ५ तास लागतात. म्हणून या तपासणीआधी किमान १२ तास, आणि अनेक केंद्रांत २४ तास, ते वर्ज्य असते. आदल्या संध्याकाळचा चहाही त्यात आला. कोला, चॉकलेट, एनर्जी ड्रिंक आलेच. ‘डिकॅफ’ कॉफीतही थोडे कॅफिन उरते. डोके दुखले म्हणून घेतलेल्या सॅरिडॉनच्या गोळीतही कॅफिन असते, हे किती जणांना ठाऊक असेल? दम्यासाठी डेरिफायलिन घेणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी, कारण त्यातले थिओफायलिन कॅफिनसारखेच काम करते. अर्थात दम्याची, रक्तदाबाची किंवा हृदयाची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मधुमेह असेल तर उपाशी राहण्याआधी गोळ्या आणि इन्सुलिनबद्दलही विचारावे.

तंबाखूचा प्रश्न ट्रेडमिलवरही येतो. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, हृदयाच्या वाहिन्या आकसतात. चालायला सुरुवात करण्याआधीच नाडी वर गेलेली असेल, तर ठरलेला आकडा थोड्याशा श्रमातच गाठला जातो आणि हृदयाची खरी परीक्षा होतच नाही. ‘सिगारेट ओढता का?’ असे रुग्णाला विचारतात. बायकांना तर बहुधा तेही विचारत नाहीत. पण आपल्या खेड्यापाड्यांत कितीतरी बायकांची सकाळ मशेरीने सुरू होते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. बाईच्या लेखी ते दात घासणे असते. तिला सिगारेटबद्दल विचारले तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ते अगदी खरे असेल.

तपासणीच्या सूचनांत चहा, मशेरी, मळलेला तंबाखू, तपकीर, गुटखा, डोकेदुखीची गोळी, दम्याची गोळी असे एकेक नाव मराठीत छापलेले हवे. ज्याला वाचता येत नाही त्याला आदल्या दिवशी सकाळीच फोन करून सांगावे. रात्री सांगून उपयोग नाही, तोवर दिवसभराचे चहा होऊन गेलेले असतात.

पथ्य मोडले असे कोणी खरेपणाने सांगितले, तर त्याला न रागावता पुढची तारीख द्यावी आणि दुसऱ्यांदा पैसे घेऊ नयेत. तालुक्याहून एस.टी.ने, एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस परत जावे लागेल या धास्तीने चहा लपवतो. त्याला खरे बोलणे परवडेल अशी सोय रुग्णालयाने करायची आहे. आणि मशेरीचे विचारायचे ते मुलगा-सून बाजूला उभे असताना नको. त्यांना बाहेर बसवावे, आणि नर्सने त्या बाईला एकटीला, सावकाश विचारावे.