सांगायचं कुणाला, हे तिचं तिला ठरवू द्या

राळेगणसिद्धीचं नाव घेतलं की उघड्यावरचा कारभार आठवतो. गावाचे निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. माहितीच्या अधिकाराचा लढाही अण्णा हजारेंनी याच गावातून चालवला. २००२ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला, २००५ मध्ये देशाचा. लपवाछपवी म्हणजे खोट, हे चळवळीतल्या आपल्यासारख्यांच्या अंगी मुरलं आहे. बायकांनाही आपण हेच सांगत आलो की घरात दडपलेलं चारचौघींत बोला, बोललं की बळ येतं. मारहाण, हुंडा, बलात्कार यांबाबत त्याचा अनुभवही आपण घेतला.

एचआयव्हीच्या बाबतीत मात्र हा धडा जसाच्या तसा गिरवू नये, असं माझं मत आहे.

अनेक बायकांना लागण झाल्याचं कळतं ते दिवस गेल्यावर. गरोदरपणाच्या तपासण्यांमध्ये ही रक्ततपासणी असते. नवऱ्याची तोवर झालेली नसते. म्हणजे घरात पहिलं नाव निघतं ते तिचं. लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी ‘हिनंच आणलं’ हे सासरी ठरून जातं. पुढं नवरा गेला की ती पांढऱ्या पायाची. मग जमिनीतला वाटा नाही, तिचं ताट वेगळं, पोरांना ओसरीवर जागा. अशा बाईला ‘ताई, धीर धर आणि सांगून टाक’ असं म्हणणारी मी संध्याकाळच्या एसटीनं आपल्या घरी जाणार असते. रात्र तिथं तिला काढायची असते.

शिवाय गावात न सांगताही पुष्कळ सांगितलं जातं. पारनेर तालुक्यातली बाई औषधासाठी वरचेवर नगरला (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात जाऊ लागली की शेजारीण विचारतेच, ‘काय गं, सारखी नगरला?’ संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान हवं तर कागद चार टेबलांवर फिरणार. एसटीतली सवलत हवी तर कंडक्टरपुढे कार्ड काढायचं. बस गावचीच, कंडक्टरही ओळखीचा. मदत मिळण्याची अट म्हणून गुपित फोडायचं, अशी ही गत आहे. तिकिटाचे पैसे भरणारी बाई अडाणी नसते. तिनं हिशेब केलेला असतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. औषधं २००४ पासून सरकारी केंद्रात मोफत मिळू लागली. पण ती रोज, न चुकता, जन्मभर घ्यायची असतात. पिठाच्या डब्यात लपवलेली गोळी पाहुणे आले की चुकते. घरात एक तरी माणूस जाणतं असेल तर गोळी वेळेवर जाते, दवाखान्यात सोबत मिळते, रडायला खांदा मिळतो. औषध नियमित घेऊन रक्तातले विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. हे माहीत असलेली बाई नवऱ्याशी बोलायला बसते तेव्हा तिच्या हाती नुसती वाईट बातमी नसते.

जोडीदाराचाही हक्क आहेच. लागण लपवून बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाची बाजू आपण घेणार नाही. पण कायद्यानंही इथं बाईची परिस्थिती ओळखली आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ मध्ये लागू झाला. संमतीवाचून कुणाची लागण उघड करायला त्यानं मनाई केली. जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला, तीही त्या व्यक्तीला समजावून, पूर्वकल्पना देऊन. आणि सांगितल्यानं मारहाण होईल, बाईला टाकून देतील अशी रास्त भीती असेल तर त्यांनीही सांगायचं नाही. राहत्या घरातून तिला कुणी काढू शकत नाही, हेही त्यात आहे. त्याआधी, १९८९ मध्ये, गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला केवळ लागण झाली म्हणून सरकारनं डांबून ठेवलं होतं. त्याला कुणाला सांगायचं हे ठरवण्याची संधीच मिळाली नाही.

मग उघडेपणाच्या तत्त्वाचं काय? तत्त्व सोडायचं नाही, नीट समजून घ्यायचं. माहितीचा अधिकार हा सत्तेकडून हिशेब मागण्यासाठी आहे. त्याच कायद्यानं व्यक्तीच्या खासगी माहितीला सुरुवातीपासून संरक्षण दिलं. आणि दारूबंदीचं आठवा. गावातलं दुकान बंद करायला बायका आडव्या बाटलीवर शिक्का मारतात, तो गुप्त मतदानानं. दारूविरुद्ध बोलायला आपण भ्यायलो म्हणून नव्हे, तर घरी गेल्यावर पाठीवर वळ उठू नयेत म्हणून. लढायचं उघड आणि मत द्यायचं झाकून, हे आपल्याला जमलं. इथंही जमेल.

तेव्हा आपल्या गटांनी काही पथ्यं पाळावीत. कुणाही बाईला ‘धाडसाचं उदाहरण’ म्हणून व्यासपीठावर उभं करू नये. फोटो नको, गावाचं नाव नको. बचत गटात कळलेली गोष्ट गटाबाहेर, आपल्या घरातही, जाऊ नये. ती विचारायला आली तर सल्ला देण्याआधी तिच्यासोबत बसून तीन गोष्टी पाहाव्यात : कुणाला सांगायचं, कशासाठी सांगायचं, आणि सांगितल्यावर बिनसलं तर त्या रात्री पोरांना घेऊन ती कुठं जाईल. तिसऱ्याचं उत्तर तिच्याकडे नसेल तर ते शोधणं आपलं काम. मामलेदार कचेरीत जाऊन तिचे कागद बंद पाकिटात ठेवा, असा आग्रह धरणंही आपलंच.

काही जणी पुढं येऊन उघड बोलल्या, म्हणून बाकीच्यांची वाट सोपी झाली. त्यांचं ऋण आहे. पण ते धैर्य त्यांनी आपणहून दिलं, कुणी मागून घेतलं नाही. गप्प राहणारीला भित्री म्हणण्याआधी, ती बोलली तर गावात तिच्या बाजूनं किती जणी उभ्या राहतील, हे आपण मोजावं.